वीर म्हणजे आपण

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जगातला कुठलाही माणूस भेटला की पहिला प्रश्न एकच पडतो. मूळचे कुठले? नाव नंतर, तब्येत त्याहून नंतर. मुंबईहून फ्रँकफर्टला येताना विमानात शेजारी बसलेला सुटाबुटातला गृहस्थ मूळचा संगमेश्वरचा निघाला. विमान उतरेपर्यंत अण्णांनी त्याच्या आत्याचं सासर आमच्या चुलत घराण्याला जोडून दाखवलं होतं. बिचारा सामान न घेताच पळाला असावा, कारण पट्ट्यावर एक काळी बॅग कितीतरी वेळ एकटीच फिरत होती.

स्वतः अण्णांचा जन्म सदाशिव पेठेतला, नोकरी पाटबंधारे खात्यातली, सगळी हयात पुण्यात. पण विचारून बघा. छाती फुगवून सांगतील, "मूळचे आम्ही तुळपुळे गुहागरकडचे." ज्या गावात त्यांचे आजोबासुद्धा राहिले नव्हते, त्या गावचे! तिथे अण्णा वर्षाकाठी एकदा कुलदैवताला जातात आणि डास फार म्हणून दुसऱ्या दिवशी परत येतात.

आणि मला, म्हणजे त्यांच्या सुनेला, विभावरीला, जगात कुठल्या प्रश्नाचा तिटकारा असेल तर तो नेमका ह्याचाच. ऐका का ते.

आम्ही राहतो ते आल्टेनफेल्स हे टाउनुसच्या उतारावरचं एक चिमुकलं गाव. माझा नवरा हृषिकेश खाली बाड हॉम्बुर्गला एका कंपनीत डायलिसिसची मशीन्स डिझाइन करतो, म्हणून आम्ही इथे. गावात एक पडका किल्ला, एक बुरूज, चौकात एक कारंजं, खाली एक जुनी दगडी वेस आणि लाकडी चौकटींची घरं. ती घरं अशी वाकडी, की शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीयत. रविवारी फ्रँकफर्टचे लोक ते वाकडेपण बघायला येतात, केक खातात आणि आपल्या सरळ घरी परत जातात. एवढाच गावाचा धंदा.

तर दहा वर्षं त्या गावात राहिल्यावरसुद्धा कोणीतरी विचारतंच, "तुम्ही कुठल्या?" मी म्हणते, "किर्शगासमधली. चर्चच्या मागची गल्ली." मग मान तिरपी करून, अगदी गोड आवाजात, "नाइन, नाइन, उअरश्प्रुंग्लिश?" म्हणजे, ते कळलं हो, पण मूळच्या कुठल्या? माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबतात! बाई, मी इथे कर भरते, बर्फ ओढते, तुमच्या उत्सवाला केक भाजते. अजून किती मूळ पाहिजे?

अण्णा दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये आले, गणपती आमच्याकडे करायचा म्हणून. पहिल्याच आठवड्यात बेकरीत कोणीतरी मला हा प्रश्न विचारला आणि मी तोंड वाकडं करून बाहेर आले. अण्णांनी विचारलं, काय झालं. मी अर्थ सांगितला. ते रस्त्यातच थांबले.

"उअरश्प्रुंग्लिश म्हणजे मूळचे? म्हणजे ह्यांच्यात पण विचारतात?"

"विचारतात कसलं, छळतात."

"अगं चिडतेस काय? किती सुसंस्कृत लोक आहेत! पुण्यात हल्ली शेजारच्याला शेजारी कोण ते माहीत नसतं. इथे बघ, बेकरीवाली आपुलकीने मूळ गाव विचारते!"

मी कपाळावर हात मारला. अण्णांनी मात्र तो शब्द स्तोत्रासारखा घोकून पाठ केला. आंघोळ करताना बाथरूममधून ऐकू यायचं: वोहेअर कोमेन झी, उअरश्प्रुंग्लिश. माझी लेक मैत्रेयी, नऊ वर्षांची, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनच, ती दाराबाहेरून ओरडायची, "ओपा, दास फ्राग्ट मान निष्ट!" असं विचारू नये म्हणे. ओपांना, म्हणजे आजोबांना, काय त्याचं.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी मला गावची गाइड व्हायचं होतं.

हसू नका. गावाच्या हायमाटफेराइनने, म्हणजे वारसा सांभाळणाऱ्या मंडळाने, पर्यटकांना गाव दाखवणाऱ्यांसाठी वर्ग काढला होता. हायमाट ह्या शब्दाचं भाषांतर होत नाही, असं विद्वान लोक सांगतात. मला विचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं: आमच्याकडे. कोकणस्थ बाई "आमच्याकडे आमटीत गूळ घालतात" म्हणते ना, तेच ते. मी पुण्यात जर्मन घेऊन बी. ए. केलेली, पण ह्या गावात माझ्या जर्मनचा उपयोग काय, तर पावरोटी मागायला आणि कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ह्यावर वाद घालायला. मला त्या गल्ल्यांबद्दल बोलायचं होतं. छातीवर गावाचा पितळी बिल्ला लावून चौकात उभं राहायचं होतं. बिल्ला असलेल्या बाईला कोणी मूळची कुठली म्हणून विचारत नाही, असं मला वाटायचं. खरं सांगते, एखाद्या नोकरीचीसुद्धा मी इतकी आस धरली नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष होते डॉक्टर हान्के. औषधाचे नव्हेत, इतिहासाचे. लॅटिन शिकवून निवृत्त झालेले, उंच, शिडशिडीत, सदैव टाय. गावातला एकेक दगड त्यांना नावानिशी ओळखीचा. प्रत्येक वाक्याची सुरुवात "बाय उन्स इन आल्टेनफेल्स", आमच्याकडे आल्टेनफेल्समध्ये. पुण्यात जन्मले असते तर पाटी लावून बसले असते.

मी माझं भाषण लिहून त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी लाल पेन काढलं आणि पहिल्याच ओळीत अडकले.

"फ्राउ टुल्पुले." तुळपुळेंचा ळ जर्मन जिभेवर बसत नाही. "तुम्ही लिहिलंय, आम्ही ही तटबंदी तेराशे बाहत्तर साली बांधली. वीर? वीर कोण?"

इथे जरा व्याकरण सांगावं लागेल. जर्मनात "आपण" आणि "आम्ही" ह्या दोघांना मिळून एकच शब्द आहे, वीर. समोरच्याला धरून की वगळून, ते ज्याने त्याने समजून घ्यायचं. आणि आपली मराठी माणसांची इतिहास सांगायची रीत तर तुम्हाला ठाऊक आहे. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी घोड्याला चारा टाकला नाही तोसुद्धा पान लावता लावता सांगतो, "मग आपण अटकेपार गेलो." आपण किल्ला घेतला, आपण तह केला, आपलं जरा पानिपतावर चुकलं. मी आयुष्यभर इतिहास असाच ऐकला, तसाच लिहिला. आपण तटबंदी बांधली. आपण कारंजं आणलं. माझ्या डोक्यात "आपण" होतं, कागदावर "वीर" उतरलं, आणि डॉक्टरांनी वाचलं "आम्ही".

"मी पाहुण्यांना धरून म्हणतेय," मी समजावू लागले. "आमच्या भाषेत दोन वेगळे..."

"पाहुणे फ्रँकफर्टचे आहेत. त्यांनीही बांधली नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तेव्हा इथे नव्हता, फ्राउ टुल्पुले. लोक अस्सल गोष्ट ऐकायला येतात. इथे 'आल्टेनफेल्सचे लोक' म्हणा. 'ते' म्हणा."

तुम्ही तरी कुठे होतात तेराशे बाहत्तर साली? हे मी त्यांना सांगितलं नाही. घरी येऊन कढईला सांगितलं, कांदा परतता परतता, अगदी चढ्या आवाजात. त्यांनी सगळ्या पानांवरचे "वीर" खोडले होते आणि वर स्वच्छ अक्षरात "ते" लिहिलं होतं. सप्टेंबरातल्या रविवारी, सगळ्या देशात जुन्या वास्तू लोकांना उघड्या करतात त्या दिवशी, माझी परीक्षेची फेरी होती. डॉक्टर स्वतः मागून चालणार होते. फेरीत वीर आला तर बिल्ला नाही, इतकं स्पष्ट. मला रडू आलं. चिडून आलं की दुखून, ते माझं मलाच कळेना.

अण्णांचं वेगळंच. ते आठवडाभर शेजारपाजारच्यांचं बोलणं कान देऊन ऐकत होते. "विभा, हे लोक स्वतःला सारखं वीर वीर काय म्हणवून घेतात गं? बेकरीतसुद्धा वीर, बसमध्ये वीर. आपल्याकडे बाजीप्रभूंनी म्हटलं नाही कधी."

"अण्णा, वीर म्हणजे आपण."

"आपण वीर, हे ठीक आहे. पण आपल्या तोंडाने सांगू नये."

रविवार उजाडला. हृषिकेश कंपनीच्या प्रदर्शनासाठी न्युरेम्बर्गला, मैत्रेयी मैत्रिणीकडे. टूरिस्ट ऑफिसने गाइडबायकांना मध्ययुगीन भाजीवालीचा पोशाख दिला होता. तो कुठल्या तरी सहा फुटी जर्मन भाजीवालीचा असणार, कारण झगा मी दोन्ही हातांनी उचलून चालत होते. वर पांढरं चुण्यांचं बॉनेट. अण्णांनी मला पाहिलं आणि काळजीने विचारलं, "नाटकात नर्सबाई करणार आहेस का?" ते स्वतः कानटोपी घालून आले होते, लख्ख उन्हात.

बरीच मंडळी जमली. फ्रँकफर्टचं एक जोडपं, सायकलवाले दोघेतिघे, कोणी कोणी गावातलेच. गावातल्यांत फ्राउ एबर्ट होत्या. चौकातली बेकरी त्यांच्या वडिलांची. आता नातू चालवतो, पण ऐंशीच्या घरातल्या ह्या बाई अजून रोज गल्ल्यावर बसतात. मला "फ्राउ टुल्पं" म्हणतात, म्हणजे ट्यूलिपबाई. सगळ्यांच्या मागे, फाइल उघडून, पेन हातात धरून, डॉक्टर हान्के.

मी कारंज्यापाशी सुरुवात केली. आल्टेनफेल्सच्या लोकांनी हे आणलं. त्यांनी ते बांधलं. ते, ते, ते. आवाज माझाच होता, पण रेल्वे स्टेशनवरची घोषणा चालली आहे असं वाटत होतं. फ्रँकफर्टचे गृहस्थ जांभई दाबत होते. अण्णा माझ्याजवळ सरकून म्हणाले, "छान बोलतेस. पण जरा सुतकात असल्यासारखी."

मग किल्ला. त्याच्या पडक्या भिंतीकडे अण्णांनी नजर टाकली आणि पुटपुटले, "हा किल्ला? आपल्या पुरंदरच्या उतारावरचं चौकीचं मेट ह्याच्याहून मोठं. आणि पाण्याचं टाकं कुठाय? पाण्यावाचून किल्ला म्हणजे नुसता देखावा." पाटबंधारे खातं बोलत होतं. डॉक्टरांनी मागून विचारलं, पाहुणे काय म्हणतात? मी म्हटलं, भव्य आहे म्हणतात. उगाच कशाला!

बुरुजाच्या सावलीत सगळे जरा टेकले. मी पाणी पीत होते. तेवढ्यात बघते तर अण्णा डॉक्टर हान्केंच्या शेजारी बाकावर जाऊन बसलेले, कानटोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी झगा उचलून धावले, पण झगा सहा फुटी, मी पाच. उशीर झाला.

"वोहेअर कोमेन झी?" अण्णांनी हसून, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी टाय नीट केला. "आउस आल्टेनफेल्स." आल्टेनफेल्सचेच, अर्थात.

"नाइन, नाइन." अण्णांनी मान तिरपी केली. तंतोतंत बेकरीतल्यासारखी! "उअरश्प्रुंग्लिश?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गेला बिल्ला, मी म्हटलं, गेला. गावचा इतिहास ज्यांच्या तोंडी, त्यांनाच हा माणूस विचारतोय, तुम्ही मूळचे कुठले! मी माफी मागायला तोंड उघडलं.

डॉक्टर हान्के रागावले नाहीत. ते बुरुजाकडे बघत म्हणाले, "बोहेमिया. ट्राउटेनाऊजवळचं एक खेडं. आता ते चेक देशात आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णा असे खुलले, जणू संगमेश्वरच भेटलं.

"तालुका कुठला, विचार."

"अण्णा, पुरे झालं."

"विचार गं! खेड्याचं नाव सांगून काय कळतं? तालुका लागतो."

मी विचारलं. क्राइस कुठला? डॉक्टरांनी विद्यार्थ्यासारखं उत्तर दिलं, "क्राइस ट्राउटेनाऊ." तालुक्याचंच गाव, अण्णांनी समाधानाने मान हलवली. कुलदैवत कोणतं, हे मी गावचं चर्च कोणाचं असं करून विचारलं. संत आना, असं उत्तर आलं. "अरे, माझंच नाव की!" अण्णांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. डॉक्टर हान्केंच्या गुडघ्यावर! गावात अशी थाप आजवर कोणी मारली नसेल.

आणि डॉक्टर बोलायला लागले. शेहेचाळीस साली, युद्ध संपल्यावर, तिथल्या सगळ्या जर्मनांना बाहेर काढलं. ते सहा वर्षांचे होते. आई, ते आणि तान्ही बहीण, मालगाडीच्या डब्यातून इथे आले. ह्याच चौकात सगळ्यांना उभं केलं आणि गावकऱ्यांनी घरोघर जागा द्यायची असं ठरलं. त्यांच्या बोलीला गावातली पोरं हसायची. "मग मी इथला प्रत्येक दगड पाठ केला," ते म्हणाले. "म्हणजे मला कोणी विचारू नये." कोणी विचारलंही नव्हतं, कित्येक वर्षांत. आज पहिल्यांदा.

माझा संताप कुठे गेला कोण जाणे. जो माणूस माझे "वीर" खोडत होता, त्याने स्वतःचा "वीर" असा एकेक दगड उचलून मिळवला होता. आणि मग दुसऱ्याला फुकट कसा द्यायचा, असं झालं असेल त्याचं. पुण्यातल्या आमच्या हाउसिंग सोसायटीत नळ यायला ज्यांनी सर्वांत जास्त हेलपाटे घातले, तेच नव्या भाडेकरूला पाणी सोडताना सर्वांत जास्त कुरकुरतात, तसं.

"परत गेला होता का कधी?" अण्णांनी माझ्याकरवी विचारलं.

"नाही."

"एकदा जाऊन यायचं. डास असतात, पण जायचं."

डॉक्टर हान्के हसले. मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग घड्याळ बघून उठले, फाइल उघडली आणि कोरडेपणाने म्हणाले, "फ्राउ टुल्पुले, खालची वेस राहिली आहे." म्हणजे परीक्षा चालूच होती.

खालची वेस हा आमच्या फेरीचा शेवट. इथली गोष्ट सोपी. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात सैन्य लुटालूट करत ह्या दरीत शिरलं. आल्टेनफेल्सच्या लोकांनी वेस बंद केली. सैन्य आलं, वेस पाहिली, पुढे गेलं. गाव वाचलं. टाळ्या. खरं तर ह्या गोष्टीला एक शेपूट आहे. गावाच्या बखरीत ते आहे आणि वर्गात डॉक्टरांनी ते सांगितलंही होतं, पण पर्यटकांना सांगायची गरज नाही, ते केक खायला येतात, असंही सांगितलं होतं.

मी वेशीखाली उभी राहिले. समोर सगळे अर्धवर्तुळात. फ्राउ एबर्ट काठीवर रेलून, डॉक्टर त्यांच्याच मागे. मी सुरुवात केली, आणि देवाशपथ सांगते, मी "ते" म्हणणार होते. पण तिथवर डोक्यात मराठीच चालू होतं, अण्णांसाठी भाषांतर करून करून. जीभ घसरली.

"वीर," मी म्हणाले, "आपण वेस बंद केली."

डॉक्टरांचं पेन उचललं गेलेलं मला दिसलं. मागे घेता आलं असतं. पण बाई, "आपण" म्हटल्यावर गोष्ट तिथे थांबवता येईना. "ते" म्हणणारा माणूस लग्नघरातल्या पाहुण्यासारखा असतो, जेवून हात धुऊन निघू शकतो. "आपण" म्हणणाऱ्याला भांडी घासायला बसावं लागतं. मी झग्याला हात पुसले आणि पुढचं सांगितलं.

"खालच्या वीसेनबाख खेड्याचे लोक पळत आले होते. त्यांची घरं जळत होती. बायका, पोरं, गुरं, सगळी इथे, मी उभी आहे तिथे. आपल्याला त्यांचे आवाज ऐकू येत होते. काही जण आपले नातेवाईकच होते. आपण घाबरलो होतो. आपल्याकडे धान्य थोडं होतं. आणि आपण दार उघडलं नाही. सैन्याला ते सापडले, म्हणून सैन्य आपल्याला सोडून गेलं. बखरीत एवढंच आहे की वीसेनबाख पुन्हा वसलं नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फ्रँकफर्टचे गृहस्थ जागे होते. झुलत्या बॉनेटमधली एक पुणेरी बाई आणि तिचे हे वीर, वीर, वीर! मला वाटलं आता कोणीतरी हसेल.

"वीर आउख निष्ट," फ्राउ एबर्ट म्हणाल्या.

आम्हीही नाही. त्यांनी ते वेशीकडे बघून म्हटलं, मग काठी फिरवून अख्ख्याच्या अख्ख्या मागे वळल्या, डॉक्टरांकडे.

"हेर डॉक्टर, तुमची आई आमच्याकडे आली होती. बेकरीच्या वर दोन खोल्या रिकाम्या होत्या. पिठाची पोती हलवली असती की झालं असतं. वडील म्हणाले, सांग, जागा नाही. मी दारात जाऊन सांगितलं, जागा नाही." "तुम्ही रोज माझ्याकडून पाव नेता. मी रोज म्हणते, आज बोलेन."

डॉक्टर हान्केंनी फाइल खाली घेतली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुमच्या अंगावर निळा एप्रन होता. आणि आतून पावाचा वास येत होता." मग वर, वेशीच्या माथ्यावरच्या लहानशा खिडकीकडे बोट केलं. "आम्हाला ती खोली मिळाली. तिथे हिवाळ्यात भांड्यातलं पाणी गोठायचं. चार वर्षं तिथे होतो."

अण्णा माझी बाही ओढत होते. "काय गं? काय झालं? त्या बाई रडतायत का?"

मी त्यांना सांगितलं. सगळं, निळ्या एप्रनसकट. अण्णांनी कानटोपी हातात चुरगळली.

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, फ्राउ एबर्टना दिला. त्यांनी नाक शिंकरलं, चांगलं दणदणीत. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. चेहरा पुन्हा लॅटिनच्या तासाचा.

"फ्राउ टुल्पुले. दोन चुका. कारंज्याचं साल, आणि एका ठिकाणी विभक्ती. बिल्ला मंगळवारी ऑफिसातून न्यावा. दहा ते बारा. बारानंतर बंद असतं."

"आणि हेर डॉक्टर, ते... वीर?"

"मी दोन चुका म्हणालो," ते म्हणाले. "दोनच मोजल्या."

वेशीपासून चौकापर्यंतची वाट चढाची आहे, गोट्यांची. डॉक्टर हान्केंनी कोपर पुढे केलं. फ्राउ एबर्टनी क्षणभर त्या कोपराकडे बघितलं, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांचा हात धरला. दोन पावलं चढून डॉक्टर मागे वळून मला म्हणाले, "वीर म्युसेन वायटर."

"आता काय म्हणाले?" अण्णांनी विचारलं. "कोणाला जायचंय?"

जर्मनात ते कळायची सोय नाही. मी त्या दोघांच्या पाठमोऱ्या हातांकडे पाहिलं.

"आपल्याला निघायला हवं म्हणाले, अण्णा," मी सांगितलं, आणि झगा उचलून चढाला लागले.